भाऊबीजेनंतर एक दिवस मोकळा आहे, अजिंठा की पितळखोरा? (आईचे गुडघे दुखतात)

पारोळ्याची लेक

नमस्कार मंडळी,

दिवाळीला पुण्याहून माहेरी पारोळ्याला येतेय. भाऊबीज झाली की एक दिवस सगळ्यांनी मिळून लेणी बघायला जाऊ असं नुसतं फोनवर बोलले तर घरात लगेच दोन पार्ट्या पडल्या. पप्पा गणिताचे मास्तर होते, आता रिटायर आहेत, त्यांचं म्हणणं चाळीसगावला जाऊ, पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या मठाचा शिलालेख बघू आणि तिथूनच वर जाऊन पितळखोऱ्याची लेणी करू, गर्दी नाही गडबड नाही. आई म्हणते सगळा जन्म जळगाव जिल्ह्यात गेला, लोक जपानहून येऊन अजिंठा बघून जातात आणि मला अजून कोणी नेलं नाही. आता याच्यावर पप्पा काय बोलणार, गप बसले, पण मनातून पितळखोरा गेलेला नाही हे मला माहीत आहे.

आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर व्यवस्थित चालते, पायऱ्या असल्या की थांबत थांबत. पोरं ९ आणि १२ वर्षांची, मोठीला चित्रकलेचं वेड आहे, धाकटा लेणी म्हटल्यावर विचारतो तिथे रेंज येते का.

तर एका दिवसात दोन्ही बसेल का? त्या दिवसांत ऊन कितपत असतं, आणि धबधबा चालू असतो का तोपर्यंत? सगळी ३० लेणी बघायलाच पाहिजेत का काही सोडली तर चालतील? गाडी घरची आहे, भाऊ चालवेल. जेवणाचं काय करावं तेही सांगा, आईला बाहेरचं तेलकट चालत नाही.

जळगावचा भो

ताई, दोन्ही एका दिवसात हे आधी डोक्यातून काढून टाका. दोन्ही एकाच डोंगररांगेत आहेत पण एक पाचोऱ्याच्या पलीकडं आणि दुसरं चाळीसगावच्या डोक्यावर, गाडीतच दिवस जाईल आणि दोन्हीकडं धड काही बघणं होणार नाही.

अजिंठ्याचं सांगतो. पारोळा, एरंडोल, जळगाव, मग नेरी, पहूर, वाकोद करत फर्दापूर. जळगावपासून लेणी ६० किलोमीटर धरा. भाऊला पाचोऱ्याचा रस्ता माहीत असेल तर शेंदुर्णीवरून पहूरला निघता येतं पण रस्ता कसा आहे ते आधी कोणाला तरी विचारून घ्या, पावसाळ्यानंतर आपल्याकडचे आतले रस्ते म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. पहाटेच निघा, चहा पहूरला प्या, लेणी ९ ला उघडतात त्याच्या आधी तुम्ही फर्दापूरच्या टी पॉइंटला पाहिजे. गाडी तिथंच लावावी लागते, पुढचे ४ किलोमीटर बसनं. धुरानं लेणी आणि चित्रं खराब होऊ नयेत म्हणून खाजगी गाड्या पुढं सोडत नाहीत. तिकीट माणशी ४० रुपये, १५ वर्षांखालच्या पोरांना नाही. ऑनलाइन काढून ठेवा.

टी पॉइंटला दुकानांच्या मधून जावं लागतं, स्फटिक, गारगोट्या, माळा विकणारे मागं लागतात. जाताना कोणालाही "येताना बघू" म्हणू नका. ते चेहरा ध्यानात ठेवतात आणि चार तासांनी गर्दीतनं बरोबर हुडकून काढतात, मग ताई तुम्ही शब्द दिला होता.

गुडघ्यांचं: बस उतरल्यावर लगेच पायऱ्यांचा चढ आहे, पहिल्या लेण्यापर्यंत. खरा त्रास तोच. एकदा वर पोचलं की कड्याच्या पोटातनं बांधीव वाट आहे, मधी मधी थोडे उतार, थोड्या पायऱ्या. खाली डोलीवाले असतात, खुर्चीला बांबू बांधलेले आणि चार जण उचलतात. आईंना सरळ डोलीत बसवा, लाजायचं काम नाही, मोठमोठे लोक बसतात. भाव मात्र बसायच्या आधी ठरवा, जाऊन-येऊन का नुसतं वरपर्यंत, लेण्यापाशी थांबणार का, सगळं.

आणि सोमवारी अजिंठा बंद असतो. भाऊबीज कोणत्या वारी येते ते बघून ठरवा.

धुळेकर

भाऊबीजेनंतरचा आठवडा म्हणजे अख्खा महाराष्ट्र तिथं. दिवाळीच्या आधी जमत असेल तर आधी जा, कोजागिरी ते वसुबारस. नाहीतर सरळ तुळशीच्या लग्नानंतर. मधे जायचं असेल तर बसच्या रांगेत उभं राहायची तयारी ठेवा एवढंच बोलतो.

जळगावचा भो

धुळेकर भाऊ, लेक पुण्याहून दिवाळीला येऊन राहिली, वसुबारसेला कसं जाईल ती, घरी फराळ कोण करेल 😀 ताई शनिवार-रविवार तेवढा टाळा, मधला वार धरा, सकाळी पहिल्या बसमध्ये बसा. ११ पर्यंत पहिली महत्त्वाची लेणी होऊन जातात, खरी गर्दी त्याच्यानंतर चढते.

तितूरकाठ

पप्पांची बाजू कोणीतरी मांडायला पाहिजे म्हणून मांडतो, चाळीसगावचा असल्यामुळे पक्षपात आहे हे आधीच सांगून ठेवतो.

पितळखोरा हे अजिंठ्याच्या सगळ्यात जुन्या लेण्यांच्या बरोबरीचं काम आहे, इसवी सनापूर्वीचं दुसरं-पहिलं शतक, सातवाहनांचा काळ. अजिंठ्यातली बाकीची बहुतेक लेणी त्याच्यानंतर पाच-सहाशे वर्षांनी खोदली. इथं चित्रांपेक्षा दगड बघायचा. चौथ्या नंबरच्या विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, दारावर भाला-ढाल घेतलेले दोन द्वारपाल, अंगातल्या कपड्याच्या चुण्यांसकट कोरलेले. आणि पायऱ्यांच्या बाजूला पाच फण्यांचा नाग आहे तो बघायला मी कितीही वेळा जाईन. मागून दगडात चर काढून पाणी त्याच्या फण्यांपर्यंत आणलंय आणि ते फण्यांतून बाहेर पडायचं. दोन हजार वर्षांपूर्वीचं प्लंबिंग, तेही शोभेचं. शिलालेखांत दान देणारे कोण तर पैठणचा एक गंधी, म्हणजे अत्तरवाला, आणि राजवैद्य मगिल आणि त्याच्या घरचे लोक. इथं एक यक्ष सापडला, ढेरपोट्या, हसरा, त्याच्या हातावर करणाऱ्याचं नाव आहे, कान्हदास, धंद्यानं सोनार. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सोनाराच्या हातचं दगडकाम असल्यामुळं त्याच्या अंगावरचे दागिने कसे असतील विचार करा.

एवढं सगळं सांगून आता खरं सांगतो, आईंना नका नेऊ. पाटणादेवीहून वर जायचं म्हणजे जंगलातून डोंगर चढायचा, वाटाड्या घ्यावा लागतो, पावसाळ्यानंतर गवत छातीएवढं असतं आणि वाट सापडत नाही. दुसरा रस्ता औट्रम घाट चढून कन्नडच्या अंगानं, तिकडून गाडी पठारावर जाते पण लेणी खाली दरीत आहेत, म्हणजे आधी भरपूर पायऱ्या उतरा आणि दमल्यावर त्याच चढा. अजिंठ्याच्या उलटा हिशोब. डोली वगैरे काही नाही. खायला काही मिळेल ही आशा ठेवायची नाही. खडक पण कच्चा आहे, बऱ्याच लेण्यांचे पुढचे भाग ढासळलेत, पोरांचा हात सोडायचा नाही. सगळा परिसर गौताळा अभयारण्यात येतो, बिबट्या आहे, दिवस मावळायच्या आत बाहेर.

पाटणादेवी मात्र आई आरामात करू शकतात. देऊळ आहे, झाडी आहे, नदी आहे, दिवाळीपर्यंत पाणी असतं. आणि सर, म्हणजे तुमचे पप्पा, त्यांना सांगा की तो शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०६-०७. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, तो यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा तो लेख. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. नातवानं आजोबांच्या पुस्तकांसाठी शाळा काढावी यापेक्षा गणिताच्या मास्तरांना दुसरं काय पाहिजे. त्यांना वेगळं घेऊन जा पण नक्की घेऊन जा.

खडूफळा

चित्रकलेचा शिक्षक आहे, पोरांच्या सहली घेऊन जाणं हा माझ्या नोकरीचाच भाग, त्यामुळं मोठीच्या बाजूनं बोलतो.

३० च्या ३० करू नका. कोणीच करत नाही आणि जे करतात त्यांना घरी गेल्यावर काहीच आठवत नाही. १, २, ९, १०, १६, १७, १९, २६. एवढी नीट बघा. २४ च्या दारात दोन मिनिटं थांबा, ते अर्धवट राहिलंय, छत आधी आणि मग खाली खाली असं खोदत जायचे ते तिथं डोळ्यांनी दिसतं, धाकट्याला तेच जास्त आवडेल.

बहुतेक लोक १ नंबरला घुसतात आणि तिथंच तुंबतात कारण पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, तिथं आहे. चित्रांच्या लेण्यांत एकावेळी ठरावीक लोक सोडतात. पहिल्या बसनं गेलात तर १ आणि २ आधी करून घ्या. उशीर झालाच तर सरळ चालत २६ ला जा आणि उलटे या, डोलीवाल्यालाही तसंच सांगा. आत गेल्या गेल्या काही दिसत नाही, लोक लगेच "इथं तर काळोखच आहे" म्हणून मोबाइलचा टॉर्च मारतात, तो मारू नका, फ्लॅश तर बंदच आहे. चार-पाच मिनिटं नुसतं उभं राहा. डोळे सरावले की आधी पांढरे भाग वर येतात, मोत्याच्या माळा, डोळ्यांच्या कडा, मग तांबडा, आणि सगळ्यात शेवटी तो हिरवट काळा. मुलीला हे आधी सांगून ठेवा म्हणजे ती वाट बघेल.

रंग कसले ते पण सांगा तिला. भिंतीला आधी माती, शेण, भाताचं तूस, झाडपाल्याचे तंतू कालवून गिलावा, त्याच्यावर चुन्याचा पातळ हात, तो वाळल्यावर चित्र. म्हणजे युरोपात ओल्या चुन्यावर काढायचे तसं हे नाही. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी, पांढऱ्याला चुना, बहुतेक सगळं इथल्याच डोंगरातलं. फक्त निळा नाही. निळा लाजवर्द दगडाचा, तो अफगाणिस्तानातून यायचा. २ नंबरच्या छतावर निळा शोधायला लावा, किती कंजूषपणे वापरलाय ते कळेल, महाग असणार ना.

१ नंबरमध्ये एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरलीत आणि चौघांत डोकं एकच. कुठल्याही हरणाकडं बघा, ते डोकं त्याचंच वाटतं. माझी पोरं पद्मपाणी विसरतात पण हे विसरत नाहीत. १६ ला खालून चढताना दोन्ही बाजूंना हत्ती आहेत, तिथं फोटो काढा, दम पण खाल्ला जातो. १७ ला सगळ्यात जास्त वेळ द्या, चित्रं तिथं सगळ्यात चांगली टिकलीत. सहा दातांचा हत्ती, सिंहलाची गोष्ट, दान देत देत बायको-पोरंही देऊन टाकणारा वेस्संतर राजा. आणि आतल्या गाभाऱ्याच्या अलीकडं, अंतराळात, बुद्ध कपिलवस्तूला परत आलाय ते चित्र. बुद्ध भिंतभर मोठा, हातात भिक्षापात्र, आणि खाली दारात यशोधरा नि तिच्या पुढं राहुल, दोघं एवढेसे. ती पोराला पुढं करतेय, म्हणजे तुझ्या बापाकडं वारसा माग. बापानं पुढं केलंय काय तर भिक्षापात्र. आईंना त्याच्यासमोर उभं करा, गाइडची गरज नाही.

१० नंबरला एका खांबावर "जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९" असं कोरलेलं आहे. शिकारीला आलेला मद्रास फौजेतला गोरा अधिकारी, त्याच्यापासून बाहेरच्या जगाला लेणी कळली. ते नाव आता माणसाच्या डोक्याच्या वर येतं कारण तेव्हा आत तेवढा गाळ भरलेला होता, तो गाळावर उभा राहून कोरत बसला. आणि कोरलं कुठं तर बोधिसत्त्वाच्या चित्रावर. आज आपण पोरांना भिंतीला हात लावू नका म्हणतो.

भुसावळ यार्ड

सर छान लिहिलंय. मी थोडं वेगळं लिहितो, तुम्ही हे सगळं शरदात, दिवाळीच्या सुट्टीत जायचं म्हणून ठरवताय तर एक गोष्ट लक्षात घ्या. ही लेणी मुळात पावसाळ्याची. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी एका जागी राहायचं, वर्षावास, फिरताना पिकं आणि किडामुंगी तुडवली जाऊ नये म्हणून. आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागिरीच्या दिवशी, पवारणा व्हायची, तीन महिने एकत्र राहताना कोणाचं काही चुकलं असेल तर एकमेकांनी सांगायचं, आणि मग सगळे चारिकेला, म्हणजे गावोगाव फिरायला, बाहेर पडायचे. त्यानंतरचा महिना कार्तिक पौर्णिमेपर्यंत चीवरदानाचा, म्हणजे भिक्खूंना वस्त्रं द्यायचा. म्हणजे आपण जेव्हा कापूस वेचणी आणि दिवाळीच्या गडबडीतून सुट्टी काढून तिथं पोचतो तेव्हा तिथले बरेचसे लोक त्या काळी वाटेला लागलेले असायचे. आमच्या घरी वर्षावासात ग्रंथवाचन असतं, अशोक विजयादशमीला लोक नागपूरला जातात, आणि मग त्याच दिवसांत जमेल तसं अजिंठ्याला. आमच्यासाठी ती सहल नाही. २६ नंबरला महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, वीस फुटांच्या वर लांब, उजव्या कुशीवर, खाली रडणारे शिष्य आणि वर वाजवणारे गंधर्व. तिथं कोणी हात जोडून उभं असलं तर प्लीज त्याच्या आणि मूर्तीच्या मधे येऊन सेल्फी काढू नका. मेणबत्ती-अगरबत्ती आम्हीही आत लावत नाही, चित्रांना धूर लागतो. हात जोडायला कोणाची ना नाही.

आणि एक भुसावळची गोष्ट, गाववाल्यांनाच माहीत नसते. मेजर रॉबर्ट गिल, ज्याला १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला बसवला होता, त्याची कबर आमच्या भुसावळात आहे. आयुष्य गेलं त्याचं त्या कामात. मोठमोठी ऑइलची चित्रं लंडनला पाठवली, तिथं क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाली. तरी परत कामाला लागला. १८७९ ला वारला. त्याच्यानंतर मुंबईच्या आर्ट स्कूलच्या ग्रिफिथ्सनं विद्यार्थी घेऊन परत नकला केल्या, त्यातल्याही बऱ्याच लंडनलाच आगीत गेल्या. म्हणजे अस्सल चित्रं डोंगरात वटवाघळांमध्ये दीड हजार वर्षं टिकली आणि नकला मात्र साहेबाच्या बंदोबस्तात जळल्या, तेही दोनदा. पारो नावाची इथलीच बाई गिलची सोबतीण होती, तिची समाधी अजिंठा गावात आहे, घाट चढून वर, वेळ उरला तर बघा. लेण्यांपासून वेगळं गाव आहे ते, नवीन माणसाचा नेहमी घोळ होतो.

केळीबाग

सगळे अजिंठा खान्देशातलाच असल्यासारखं बोलताय पण तो संभाजीनगर जिल्ह्यात येतो. मराठवाडा. पितळखोरा पण कन्नड तालुका.

जळगावचा भो

कागदावर. पाणी कुठं जातं ते बघा ना भो. लेण्यांच्या पुढून जी वाघोरा वाहते ती वाघूरला आणि वाघूर तापीला. जळगावला नळाला वाघूर धरणाचं पाणी येतं. लेण्यांच्या टोकाच्या धबधब्याच्या सात कुंडांमधून पडलेलं पाणी आम्ही रोज पितो, मराठवाडा नाही पित.

खडूफळा

आणि १७ नंबरचं लेणं ज्यानं खोदवलं तो उपेंद्रगुप्त वाकाटकांचा मांडलिक, बरेच अभ्यासक त्याला ऋषिक देशाचा राजा मानतात आणि ऋषिक म्हणजे साधारण आपला खान्देश. १६ नंबर वाकाटकांच्या हरिषेण राजाचा प्रधान वराहदेव याचं, २६ बुद्धभद्र नावाच्या भिक्खूचं. म्हणजे ज्या लेण्याला मी सगळ्यात जास्त वेळ द्या म्हटलं तेच आपल्या माणसाचं. केळीबाग, यावर बोला.

केळीबाग

बरं बाबा घ्या तुमचा अजिंठा. रावेरला या केळी खायला.

पारोळ्याची लेक

सगळ्यांना थँक्यू, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. खडूफळा सर तुमचं लिहिलेलं मुलीला वाचून दाखवलं, ती आत्ताच चार हरणांचं एक डोकं कसं काढायचं ते वहीत करत बसलीये आणि तिसऱ्या हरणाला अडकलीये. पप्पांना मठाची गोष्ट वाचून दाखवली, ते म्हणाले मला माहीत आहे, पण आवाज बदलला होता.

दोन शंका राहिल्या. धबधबा आणि ऊन याचं कोणी सांगितलं नाही, आणि जेवणाचं.

जळगावचा भो

धबधबा लेण्यांच्या टोकाला आहे, घोड्याच्या नालासारखी दरी आहे ना, तिच्या आतल्या बाजूला. श्रावण-भादव्यात जोरात असतो. दिवाळीपर्यंत धार बारीक होते, पाऊस लांबला असेल तर बरी मिळते, नाहीतर कुंडात नुसतं पाणी. डोंगर मात्र तेव्हा अजून पूर्ण वाळलेला नसतो, खालून हिरवा वरून पिवळा, फोटोला मस्त येतो. धबधबा पाहिजे असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरला परत या, तेव्हा पायऱ्या निसरड्या असतात, आईंना घेऊन येऊ नका.

ऊन म्हणाल तर ऑक्टोबरमधलं आपल्याकडचं ऊन पुणेवाल्यांना झेपत नाही. सकाळी गार वाटतं म्हणून टोपी घरी ठेवतात आणि १२ वाजता त्या काळ्या कातळासमोर उभं राहिलं की कळतं, दगड तापून समोरून पण झळ मारतो. दिवाळी उशिरा आली, नोव्हेंबरात, तर बरं असतं. टोपी, पाणी आणि पोरांना सुती कपडे. चप्पल सहज काढता येईल अशी घाला, चित्रांच्या लेण्यांत चप्पल-बूट बाहेर काढावे लागतात. पण आईंची चप्पल पट्ट्याची असू द्या, घसरणारी नको. खाण्याची पिशवी वर नेऊ नका, माकडं हातातून ओढून घेतात. अत्तर-सेंट मारून जाऊ नका, कड्याला आग्या मोहळं असतात, खडे मारणारा एखादा असतोच गर्दीत, मधमाश्या उठल्या तर पळायला जागा नाही. धाकट्याला तेवढी ताकीद द्या.

तितूरकाठ

जेवण घरून न्या, वर नेऊ नका, गाडीत ठेवा, खाली आल्यावर टी पॉइंटच्या आसपास झाडाखाली बसा. कळण्याच्या भाकरी, ठेचा, दही, कांदा. तेलकट नको म्हणताय तर हेच बरं. घाटाच्या रस्त्याला सीताफळं विकायला बसलेले असतात त्या दिवसांत, ती घ्या. डोळे उघडलेली, म्हणजे फोडींमधली रेघ पिवळी झालेली घ्या, कच्ची घरी नेऊन पिकवली तर पिकतात पण ती चव नाही येत.

धुळेकर

आणि येताना नेरी-जळगावच्या बाजूला भरताची वांगी मिळाली तर सोडू नका. नवी वांगी दिवाळीनंतरच सुरू होतात. पुण्यात मिळतं त्याला भरीत म्हणत नाहीत.

पारोळ्याची लेक

धुळेकर दादा मी खान्देशचीच आहे, मला काय सांगता 😄 पुण्यात काटक्या कुठं मिळणार भाजायला, गॅसवर करते आणि नवऱ्याला हेच खरं म्हणून खाऊ घालते.

तर ठरलं असं, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बुधवार येतोय (भावानं कॅलेंडर बघितलं, सोमवारची भीती नाही), सगळे अजिंठ्याला, पहाटे निघायचं. आई डोलीत बसायला तयार नाही, म्हणते चार माणसांच्या खांद्यावर एकदाच जायचं असतं 🙄 बघू तिथं गेल्यावर. पप्पा आणि भाऊ दोघं शनिवारी मोटरसायकलवर पाटणादेवी करणार, आणि वर पितळखोऱ्याला जायचं का नाही ते तिथं गेल्यावर ठरवू असं पप्पा म्हणतात, म्हणजे जाणारच. तितूरकाठ दादा, वाटाड्या कुठं विचारायचा?

तितूरकाठ

पाटणादेवीला वनखात्याचं गेट आहे, तिथं अभयारण्याची पावती फाडतात, तिथंच विचारा, गावातली पोरं येतात सोबत. ९ च्या आत गेटवर पोचा, दुपारी १२ नंतर वर जायला निघू नका कोणी हो म्हटलं तरी. माणशी दोन लिटर पाणी. आणि सरांना म्हणावं पाच फण्यांच्या नागाच्या मागं वाकून बघा, चर कुठून कसा काढलाय त्याचा उतार मोजायला त्यांना आवडेल.

जळगावचा भो

आईंना म्हणावं चार खांद्यांवर हसत बसून, आजूबाजूला बघत जाता येतं ते हे एकच ठिकाण आहे. आणि पाय टेकवून थोडं चालायचंच असेल तर डोली जाताना पायऱ्यांपुरती करा, वर सोडून द्या. उतरताना गुडघ्याला जास्त लागतं मात्र, तेव्हा परतीची बोली आधीच करून ठेवा, संध्याकाळी डोलीवाले शोधत फिरावं लागतं.